सहा गुंजांची तूट

लक्ष्मीपूजनाला पेढ्यांवर वह्यांची पूजा होते, हे आपण सारे जाणतो. पण वही पूजेला ठेवण्याआधी जुन्या वर्षाचा ताळा जमवावा लागतो. पूर्वी त्या आठवड्यात मुनिमांचा चेहरा पाहण्यासारखा होत असे. चार आण्यांची तूट निघाली तरी हाडाचा मुनीम ती स्वतःच्या खिशातून भरून मोकळा होत नसे. रक्कम कितीही लहान असो, ती कोणत्या तरी खात्याला गेलेली असणारच, आणि ते खाते सापडेपर्यंत त्याला फराळ गोड लागत नसे.

विसाव्या शतकातील पदार्थविज्ञानाची एक मोठी कथा अशाच एका तुटीची आहे. निसर्गाच्या वहीत तिसऱ्या-चौथ्या दशांश स्थळी काहीतरी कमी पडत होते. ‘एवढ्याने काय होते?’ म्हणून ते सोडून दिले असते, तर सूर्य कशावर जळतो हे कळले नसते, तारापूरची वीज आली नसती, आणि हिरोशिमाही घडले नसते. ती वही आज आपण स्वतःच उघडून पाहू. गणिताला भिणाऱ्या वाचकांनी लगेच पान उलटू नये. बेरीज, वजाबाकी आणि एक गुणाकार, याहून अधिक काही येथे लागणार नाही.

पणतीपासून सुरुवात

आपल्या दारातली पणतीच घेऊ. तिच्यात दहा ग्रॅम तेल आहे. रात्रभर जळून ते संपले. तेल कुठे गेले? अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने या प्रश्नाचे उत्तर तराजूने दिले. तेल नाहीसे होत नाही. ते हवेतील प्राणवायूशी संयोग पावते आणि कर्बाम्लवायू व वाफ होऊन निघून जाते. जळण्यापूर्वीचे तेल अधिक प्राणवायू, आणि जळल्यानंतरचे सारे वायू, यांची वजने सारखी भरतात. जमा तेवढा खर्च. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे रसायनशास्त्राची सारी इमारत या एका ताळ्यावर उभी राहिली.

१९०५ साली, स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या आल्बर्ट आइन्स्टाइनने तीन पानांचा एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे : एखादी वस्तू प्रकाशाच्या रूपाने ऊर्जा बाहेर टाकते तेव्हा तिचे वस्तुमान कमी होते. किती कमी होते? बाहेर पडलेल्या ऊर्जेला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागावे, येईल तेवढे. पुढे शाळकरी पोरांच्याही तोंडी बसलेले ‘ई बरोबर एम सी स्क्वेअर’ ते हेच. या पहिल्या निबंधात मात्र ते सूत्र त्या रूपात लिहिलेले नव्हते.

आता पणतीला हा नियम लावू. दहा ग्रॅम तेल जळताना साधारण ३ लाख ७० हजार जूल ऊर्जा देते. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. त्याचा वर्ग म्हणजे नवावर सोळा शून्ये. या अगडबंब आकड्याने भागले की उरते काय? एका ग्रॅमचे पंचवीस कोटी भाग केले तर त्यांतला जवळजवळ एक भाग. तेवढे वस्तुमान प्रकाश आणि उष्णता यांच्याबरोबर पणतीतून निघून गेले. लाव्हाझिएच्या तराजूला ते दिसले नाही, यात नवल नाही. तो तराजू चुकत नव्हता, त्याला एवढी बारीक तूट वाचता येत नव्हती.

म्हणजे हा नियम केवळ अणुबाँबचा आहे, ही समजूत खरी नव्हे. चूल, पणती, काजवा, फुलबाजी, सर्वांना तो सारखाच लागू आहे. प्रश्न एवढाच होता, की ही तूट तराजूला कळेल इतकी मोठी कुठे सापडेल? आइन्स्टाइनने त्याच निबंधात रेडियमच्या क्षारांकडे बोट दाखवले होते. अणूच्या पोटात डोकवा, असाच त्याचा अर्थ.

मोळी हलकी भरते

अणूचे वजन करणारा तराजू केंब्रिजमध्ये तयार झाला. फ्रान्सिस ॲस्टन याने १९१९ साली असे एक यंत्र बांधले, की विद्युत् आणि चुंबक यांच्या ओढीने निरनिराळ्या वजनांचे अणू निरनिराळ्या वाटांनी वळून छायाचित्राच्या काचेवर आपापली रेघ उमटवीत. या यंत्राने एक जुनी गोष्ट नव्या प्रकाशात आणली. हायड्रोजनचे चार अणू मिळून जेवढे वजन होते, त्यापेक्षा हेलियमचा एक अणू हलका होता.

आजच्या अचूक आकड्यांनी हा हिशेब मांडू. अणूंचे वजन ग्रॅममध्ये लिहायचे तर शून्यांनीच ओळ भरेल, म्हणून कार्बनच्या नेहमीच्या अणूचा बारावा भाग हे एक माप मानतात. त्याला आपण नुसते ‘एकक’ म्हणू. हेलियमच्या अणुगर्भात दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन असतात, आणि बाहेर दोन इलेक्ट्रॉन फिरतात. हायड्रोजनचा अणू म्हणजे एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. तेव्हा सुटा माल असा :

हायड्रोजनचे दोन अणू : २ × १.००७८२५ = २.०१५६५०
दोन न्यूट्रॉन : २ × १.००८६६५ = २.०१७३३०
एकूण : ४.०३२९८०
हेलियमचा तयार अणू : ४.००२६०३
तूट : ०.०३०३७७

रानातून लाकडे आणून मोळी बांधली, तर मोळीचे वजन लाकडांहून दोरीपुरते जास्तच भरेल. अणुगर्भाची मोळी मात्र सुट्या लाकडांपेक्षा हलकी भरते! कारण हे कण एकमेकांना बिलगताना ऊर्जा बाहेर टाकतात, आणि ऊर्जेबरोबर तिचे वस्तुमानही जाते. मोळी पुन्हा सोडायची तर तेवढीच ऊर्जा बाहेरून भरावी लागते. म्हणून तिला बंधन-ऊर्जा म्हणतात. मोळी जितकी घट्ट, तितकी ती हलकी.

ही तूट ऊर्जेच्या भाषेत कशी वाचायची? अणूच्या दुनियेत जूल हे माप फार मोठे पडते. एका व्होल्टच्या दाबातून एक इलेक्ट्रॉन गेला की त्याला जी ऊर्जा मिळते तिला इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणतात. दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे एक एमईव्ही. प्रकाशवेगाचा वर्ग एकदाच मांडून ठेवला तर रूपांतराचा दर निघतो : एक एकक वस्तुमान म्हणजे ९३१.५ एमईव्ही. सराफाच्या दुकानातील भावाच्या पाटीप्रमाणे हा एक आकडा ध्यानात ठेवला की पुरे.

०.०३०३७७ ला ९३१.५ ने गुणले, आले २८.३. चार कणांत वाटले तर प्रत्येकी सुमारे ७.१ एमईव्ही. हा आकडा किती मोठा आहे? कोळशातला कार्बनचा एक अणू जळताना जेमतेम ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट देतो. साधे चार, त्यापुढे ‘दहा लाख’ नाहीत.

१९२० साली आर्थर एडिंग्टन या ज्योतिर्विदाने या तुटीवरून मोठी झेप घेतली. सूर्याच्या पोटात हायड्रोजनपासून हेलियम बनत असेल तर त्याच्या अब्जावधी वर्षांच्या प्रकाशाचा खर्च या तुटीतून भागेल, असे त्याने सुचविले. पुढे ते खरे ठरले. चार हायड्रोजन अणूंच्या वजनातले शेकडा ०.७ हेलियम होताना कमी होतात. सूर्य दर सेकंदाला सुमारे ४२ लाख टन वस्तुमान प्रकाशाबरोबर उधळतो आहे. तरी साडेचार अब्ज वर्षांत त्याचे भांडवल दहा हजारात तीनएवढेच घटले आहे!

पहिला ताळा जमला

तूट दिसली, पण ती ज्या खात्यात जमा झाली तो आकडा स्वतंत्रपणे मोजल्याखेरीज हिशेब पुरा म्हणता येत नाही. तो योग १९३२ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत आला. जॉन कॉकक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन यांनी काही लाख व्होल्टच्या दाबाने प्रोटॉन पळवून लिथियम धातूवर आपटले. लिथियमचा अणुगर्भ प्रोटॉन गिळून दुभंगला आणि हेलियमचे दोन अणुगर्भ उलट दिशांना उडाले. वजने अशी :

लिथियम आणि हायड्रोजन : ७.०१६००३ + १.००७८२५ = ८.०२३८२८
दोन हेलियम : ८.००५२०६
तूट : ०.०१८६२२, म्हणजेच १७.३५ एमईव्ही

उडालेले हेलियम हवेत किती दूर जातात यावरून त्यांची ऊर्जा मोजली. प्रत्येकी ८.६, दोहोंची मिळून १७.२. प्रोटॉनने सोबत आणलेली ऊर्जा याच्यापुढे किरकोळ होती. त्या वेळी अणूंची वजने आजच्याइतकी अचूक नव्हती. त्यांवरून अपेक्षित ऊर्जा सुमारे १४ एमईव्ही निघे, आणि त्यातही जवळजवळ तिनाचा फरक इकडे-तिकडे धरावा लागे. पुढच्याच वर्षी, १९३३ साली, अमेरिकेत केनेथ बेनब्रिजने लिथियमचे वजन अधिक काटेकोर केले आणि दोन्ही बाजू जुळल्या. एका वहीत जे कमी पडले ते दुसऱ्या वहीत पैसे न पैसे जमा सापडले. आइन्स्टाइनच्या निबंधाला तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती.

बर्फातले गणित

या कथेतला सर्वांत हृद्य प्रसंग १९३८ च्या नाताळातला आहे. लिझ माइट्नर ही साठ वर्षांची विदुषी जन्माने ज्यू. बर्लिनमधील तीस वर्षांचे संशोधन मागे टाकून त्याच वर्षी जुलैत तिने जर्मनीतून पळ काढला होता आणि स्वीडनमध्ये आश्रय घेतला होता. तिचे जुने सहकारी ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांना बर्लिनमध्ये एक चमत्कार दिसला. युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केल्यावर बेरियम सापडले. युरेनियमच्या जवळपास निम्म्या वजनाचे हे मूलद्रव्य तेथे आले कसे? हानने पत्र लिहून माइट्नरलाच विचारले.

कुंगेल्व या गावी तिचा भाचा ऑटो फ्रिश नाताळासाठी आला होता. तोही पदार्थविज्ञानाचाच अभ्यासक. पत्राचा विचार करीत दोघे बर्फातून फिरायला निघाली, भाचा पायांत स्की चढवून आणि मावशी तशीच. चालता चालता त्यांना सुचले, की युरेनियमचा अणुगर्भ पाण्याच्या मोठ्या थेंबासारखा लांबट होऊन मध्येच तुटत असेल. मग एका झाडाच्या ओंडक्यावर बसून त्यांनी कागदाच्या चिठोऱ्यांवर आकडेमोड केली. दोन्ही तुकडे धनविद्युतभारित, म्हणून एकमेकांना जोराने ढकलणार. त्यातून सुमारे २०० एमईव्ही ऊर्जा यायला हवी. पण ती येणार कुठून? अणुगर्भांच्या तुटीचे नियम माइट्नरला तोंडपाठ होते. तिने हिशेब केला : दोन तुकडे मिळून मूळ युरेनियमपेक्षा प्रोटॉनच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाने हलके. प्रोटॉन म्हणजे साधारण ९४० एमईव्ही, त्याचा पाचवा भाग १९० च्या घरात. ताळा जमला! अणुविभाजनाचा अर्थ एका निर्वासित बाईने पुस्तक न उघडता बर्फात बसून लावला. त्या शोधाचे नोबेल पारितोषिक पुढे एकट्या हानला मिळाले. हा ताळा मात्र आजवर जमलेला नाही.

हाच हिशेब आपणही तोंडी करू शकतो. युरेनियमच्या मोळीत दर कणामागे बंधन-ऊर्जा सुमारे ७.६ एमईव्ही असते, मधल्या वजनाच्या अणुगर्भांत ती सुमारे ८.५. फरक ०.९. कण २३५. गुणाकार करा, दोनशेच्या वर थोडे येतात. युरेनियम ही सैल बांधलेली मोठी मोळी. तिच्या दोन घट्ट मोळ्या झाल्या, म्हणून वजन घटले. लोखंडाच्या आसपासचे अणुगर्भ सर्वांत घट्ट, दर कणामागे सुमारे ८.८. म्हणून हलके अणुगर्भ जोडून ऊर्जा मिळते, जड अणुगर्भ फोडून मिळते, आणि लोखंडापाशी दोन्ही वाटा संपतात.

पाय कुठे घसरतो

कॉलेजात हा विषय नव्याने शिकणाऱ्यांचा पाय ठराविक तीन ठिकाणी घसरतो. घरात असा विद्यार्थी असेल तर पुढील मजकूर त्याला अवश्य दाखवावा.

पहिली जागा दशांशांची. ‘दोन स्थळे पुरेत’ म्हणून १.०१, १.०१ आणि ४.०० घेतले, तर हेलियमची तूट ०.०४ येते, म्हणजे खरीहून जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने जास्त. येथे मोठ्या रकमांतून मोठ्या रकमा वजा होतात आणि हाती चिल्लर उरते. सारा अर्थ त्या चिल्लरीत असतो, म्हणून शेवटपर्यंत सहा स्थळे सोडू नयेत.

दुसरी जागा इलेक्ट्रॉनची. कोष्टकांत बहुधा पूर्ण अणूचे वजन दिलेले असते, इलेक्ट्रॉनांसकट. आपण एका बाजूला नुसते प्रोटॉन (१.००७२७६) धरले आणि दुसऱ्या बाजूला हेलियमचा पूर्ण अणू, तर दोन इलेक्ट्रॉन एकाच बाजूला राहतात आणि उत्तर १.०२ एमईव्हीने चुकते. म्हणून वर आपण प्रोटॉनऐवजी हायड्रोजनचा अणू घेतला. भांडे एकदा वजनात धरले की दोन्ही पारड्यांत धरावे, हा वाण्याचा नियम येथेही खरा आहे.

तिसरी जागा सर्वांत फसवी. ‘एक ग्रॅम युरेनियमपासून किती ऊर्जा?’ असे विचारले की विद्यार्थी तो अख्खा ग्रॅम सूत्रात घालतो आणि अडीच कोटी युनिट वीज काढतो. पण एक ग्रॅम युरेनियम-२३५ पूर्ण फुटले तरी त्यातील जेमतेम ०.९ मिलिग्रॅम कमी होतो. बाकीचे वस्तुमान तुकड्यांच्या आणि न्यूट्रॉनांच्या रूपाने तेथेच असते. खरे उत्तर सुमारे २३ हजार युनिट उष्णता. चांगल्या प्रतीच्या तीन टन कोळशाइतकी, म्हणजे काही थोडी नव्हे. पण अकराशे पटींची चूक ही चूकच.

यामागे एक खोल गैरसमज असतो. अणुभट्टीत पदार्थाचे कण नाहीसे होऊन त्यांची ऊर्जा होते, असे अनेकांना वाटते. युरेनियम फुटण्यापूर्वीचे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मोजा, फुटल्याक्षणीचे मोजा. एकही कमी झालेला नसतो. कमी झालेले असते ते त्यांच्या एकत्र असण्याचे वजन. भट्टी एखाद्या अशा पेटीत कोंडली, की जिच्यातून उष्णतेचा कणही बाहेर जाणार नाही, तर पेटीचे वजन तसूभरही बदलणार नाही. उष्णता बाहेर पडेल तेव्हाच पेटी हलकी होईल. तूट म्हणजे चोरी नव्हे. रक्कम दुसऱ्या खात्यात गेली, इतकेच.

तारापूर आणि हिरोशिमा

आपल्या महाराष्ट्रात तारापूरला १९६९ साली भारतातील पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले. पुढे २००५-०६ मध्ये तेथे प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन नव्या भट्ट्या आल्या. असा एक संच वर्षभर पूर्ण ताकदीने चालला असे धरू. त्याने दिलेल्या विजेला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागा. उत्तर येते सुमारे १९० ग्रॅम. म्हणजे वर्षभरात तारांवाटे एवढे वस्तुमान बाहेर गेले. विजेच्या साधारण दुप्पट उष्णता समुद्राच्या पाण्यात जाते, ती धरली तर सगळी मिळून तूट ६०० ग्रॅमच्या आसपास. लाखो घरांचे वर्षभराचे दिवे, पंखे आणि गिरण्या, आणि त्यांच्यापोटी एवढी तूट!

आता दुसरा हिशेब. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर टाकलेल्या बाँबमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होते. त्यातले एक किलोदेखील फुटले नाही. स्फोटाची ऊर्जा सुमारे १५ हजार टन टीएनटीइतकी. प्रकाशवेगाच्या वर्गाने भागा, येतात ०.७ ग्रॅम. सराफाच्या जुन्या मापात साधारण सहा गुंजा. लहान मुलीच्या कानातल्या बाळीला याहून जास्त सोने लागते. त्या सहा गुंजांच्या तुटीने एक शहर भुईसपाट झाले, आणि त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली, असा अंदाज आहे.

सूत्र दोन्हीकडे तेच, वजाबाकी तीच, दरही तोच ९३१.५. तारापूरची वर्षाची तूट हिरोशिमाच्या तुटीच्या आठशे पटींहून अधिक आहे. फरक आहे तो खर्च कोण करतो, किती वेळात करतो आणि कशासाठी करतो, यात. ते खाते निसर्गाच्या वहीत सापडत नाही. ते माणसाने स्वतः लिहायचे असते.

जाता जाता एक गणित

फराळाच्या ताटावर सोडवावे म्हणून तरुण वाचकांसाठी एक सोपे गणित. जड हायड्रोजनच्या अणुगर्भात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असतो, आणि त्या अणूचे वजन २.०१४१०२ एकक आहे. हायड्रोजन आणि न्यूट्रॉन यांची वजने वर दिलीच आहेत. ही मोळी सोडायला किती ऊर्जा लागेल?

उत्तर : २.०१६४९० वजा २.०१४१०२, तूट ०.००२३८८, म्हणजे २.२२ एमईव्ही. १९३४ साली जेम्स चॅडविक आणि मॉरिस गोल्डहाबर यांनी २.६ एमईव्हीच्या गॅमा किरणांनी ही मोळी खरोखरच सोडवून दाखविली. २.२२ एमईव्हीहून कमी ऊर्जेच्या किरणांना ती दाद देत नाही. तुमचे उत्तर जुळले नाही तर निराश होऊ नका. आधी दशांश तपासा, मग इलेक्ट्रॉन तपासा. तूट कुठे ना कुठे सापडतेच.

सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो!